‘मागितल्यास डेटा देऊ’ एवढ्यावर भागत नाही

गेल्या अंकात ग्रँट प्रपोजलच्या, म्हणजे संशोधनासाठी पैसे मागणाऱ्या अर्जाच्या, बजेटवर लिहिलं आणि नंतर आलेल्या पत्रांत बजेटबद्दल जवळजवळ कुणीच काही विचारलं नाही, सगळ्यांची गाडी अडलीय ती ओपन सायन्स (संशोधन सगळ्यांना खुलं करणं) आणि डेटा मॅनेजमेंट प्लॅन (डेटा कसा जपणार, कुणाला कधी देणार त्याचा आराखडा) यांच्या रकान्यात. म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच. नाव छापू नका असं बहुतेकांनी लिहिलंय, मग कुणाचंच छापत नाही.

प्रश्न: ताई, मी पुण्यातल्या एका कॉलेजमध्ये मायक्रोबायोलॉजी शिकवते. मुळा-मुठेच्या पाण्यातल्या, अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या बॅक्टेरियांवर डीबीटीकडे (केंद्राच्या बायोटेक्नॉलॉजी विभागाकडे) प्रपोजल पाठवायचंय. डेटाच्या रकान्यात काय लिहू असं सीनियरना विचारलं तर म्हणाले, ‘डेटा विल बी मेड अव्हेलेबल ऑन रिझनेबल रिक्वेस्ट’ लिही आणि मोकळी हो. एवढं पुरतं का? नसेल तर नेमकं लिहायचं काय?

उत्तर: नाही पुरत. वाचणाऱ्याच्या डोक्यात पहिला प्रश्न येतो की रिक्वेस्ट करायची कुणाला? पेपरवर ज्याचा ईमेल आहे तो जेआरएफ (प्रोजेक्टवरचा तरुण संशोधक) तोवर बंगलोरला नाहीतर जर्मनीला गेलेला असतो, त्याचा कॉलेजचा ईमेल बंद पडलेला असतो, आणि डेटा असतो एका हार्ड डिस्कवर, डिस्क कपाटात, आणि कपाटाची किल्ली कुणाकडे हे कुणालाच माहीत नसतं. कमिटीवर बसलेल्या लोकांच्या स्वतःच्या लॅबमध्येही हेच झालेलं असतं, त्यामुळे ती ओळ वाचली की त्यांना लगेच कळतं की या बाईंनी यावर विचार केलेला नाही.

आधी एक गोंधळ मिटवू. लोक दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. डीबीटी आणि डीएसटीचं (विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचं) २०१४ चं ओपन अ‍ॅक्सेस धोरण आहे ते पेपरबद्दल, म्हणजे पेपर सगळ्यांना फुकट वाचता यावेत याबद्दल. डेटाबद्दल आहेत २०२१ च्या बायोटेक-प्राइड गाइडलाइन्स, आणि त्यातूनच फरिदाबादला इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर उभं राहिलं, जे २०२२ मध्ये सुरू झालं. सरकारी पैशातून झालेल्या सिक्वेन्सिंगचा (डीएनएचा क्रम वाचण्याचा) डेटा तिथे जमा करणं अपेक्षित आहे. प्रपोजलमध्ये दोन्हींना वेगवेगळी दोन वाक्यं द्या, ‘वुई विल फॉलो ऑल ओपन अ‍ॅक्सेस पॉलिसीज’ असलं गोळाबेरीज वाक्य नको.

आता तुमच्याच प्रोजेक्टवर बोलू. समजा तुम्ही विठ्ठलवाडी, बंडगार्डन आणि मुंढवा इथून पाणी घेणार. मग तयार काय काय होणार ते आधी कागदावर मांडा, कारण बहुतेक जण डेटा म्हणजे फक्त सिक्वेन्स समजतात. नमुन्याची तारीख, वेळ, जागा, पाण्याचं तापमान, बीओडी (पाणी किती दूषित आहे त्याचं एक माप). प्लेटचे फोटो. औषधाभोवती बॅक्टेरिया वाढले नाहीत त्या झोनचे मिलिमीटर किंवा एमआयसीचे (वाढ थांबवायला लागणाऱ्या औषधाच्या कमीत कमी प्रमाणाचे) आकडे. जिनोम सिक्वेन्सच्या फाइली. आणि खुद्द बॅक्टेरिया, जे डीप फ्रीझरमध्ये राहणार आणि लाइट गेली की तुमचा जीव टांगणीला. या प्रत्येकाचं घर वेगळं. सिक्वेन्स फरिदाबादला. निवडक आयसोलेट (वेगळे करून वाढवलेले बॅक्टेरिया) कल्चर कलेक्शनमध्ये, म्हणजे असे जिवंत नमुने जपणाऱ्या संग्रहात, आणि त्यासाठी तुम्हाला पुण्याबाहेर जायचीही गरज नाही, एनसीएलमध्ये एनसीआयएम हा संग्रह आहे आणि एनसीसीएसचं नॅशनल सेंटर फॉर मायक्रोबियल रिसोर्स आहे, आधीच फोन करून ते काय घेतात आणि त्यांचे चार्जेस काय ते विचारून घ्या. बाकीची टेबलं झेनोडोसारख्या रिपॉझिटरीत, म्हणजे फाइली जपणाऱ्या ऑनलाइन भांडारात. झेनोडो चालवतं सर्न (युरोपातली भौतिकशास्त्राची मोठी प्रयोगशाळा), फुकट आहे, एका रेकॉर्डला ५० जीबीपर्यंत जागा मिळते आणि डीओआय (कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) मिळतो, तुमचं काम त्याच्या पुष्कळ आत बसेल.

मग येते खरी गोम. तुमच्या विषयात नुसतं ‘रेझिस्टंट’ आणि ‘ससेप्टिबल’ लिहून ठेवलेलं टेबल पाच वर्षांनी कुणाच्या कामाचं राहत नाही, कारण दोहोंमधली रेघ, म्हणजे ब्रेकपॉइंट, कुठे मारायची हे सीएलएसआय आणि युकास्ट या मानकं ठरवणाऱ्या दोन संस्था वेगवेगळं ठरवतात आणि वेळोवेळी बदलतातही. म्हणून कच्चा आकडा ठेवायचा, आणि कुठल्या संस्थेचा कुठल्या वर्षाचा ब्रेकपॉइंट वापरला तो वेगळ्या कॉलममध्ये. हे एक वाक्य तुम्ही प्लॅनमध्ये लिहिलंत तर विषयातला रिव्ह्यूअर मान डोलावेल. ‘डेटा विल बी फेअर’ लिहिलंत तर नाही डोलावणार. फेअर तत्त्वं (डेटा सापडावा, मिळावा, इतर डेटाशी जुळावा, पुन्हा वापरता यावा) २०१६ मध्ये आली तेव्हापासून ती चार अक्षरं प्रत्येक प्रपोजलमध्ये मंत्रासारखी म्हटली जातात, तुम्ही नाही म्हटली तरी काही बिघडत नाही.

फाइली सीएसव्हीमध्ये, म्हणजे साध्या मजकुराच्या टेबलात, ठेवा. एक्सेल जीनच्या नावांच्या परस्पर तारखा करून टाकतं, आणि हा त्रास इतका वाढला की २०२० मध्ये माणसाच्या काही जीनची नावंच बदलून टाकली, सॉफ्टवेअर बदलण्यापेक्षा ते सोपं पडलं!

आणि माणूस. जेआरएफ जाणार हे गृहीत धरूनच लिहा. दर तिमाहीला फाइली लॅबच्या एका ठरलेल्या ठिकाणी येणार, सोबत कुठल्या कॉलमचा अर्थ काय हे सांगणारी साधी रीडमी फाइल, तीन कॉपी, त्यातली एक कॉलेजच्या बाहेर, आणि जबाबदारी पीआयची (प्रोजेक्टच्या प्रमुखाची) म्हणजे तुमची. जेआरएफचं शेवटचं रिलीव्हिंग लेटर हँडओव्हर झाल्यावरच, हेही लिहायला हरकत नाही. उघडं कधी करणार त्याची तारीख द्या, म्हणजे पेपर आल्यावर किंवा प्रोजेक्ट संपल्यावर वर्षभरात, जे आधी होईल ते. थोडा वेळ स्वतःकडे ठेवण्यात गैर काही नाही. आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचंच बघा, ज्याने निरीक्षणाची वेळ मिळवली त्याच्याकडे तो डेटा १८ महिने राहतो, मग अर्काइव्हमधून सगळ्यांना खुला. रेडिओ खगोलवाल्यांची त्याबद्दल काही तक्रार नसते.

शेवटचं, याला पैसे लागतात ते बजेटमध्ये दाखवा. हार्ड डिस्क, कल्चर जमा करायची फी, डेटा साफ करायला माणसाचे महिने. प्लॅनमध्ये मोठमोठी वचनं आणि बजेटमध्ये शून्य रुपये असं दिसलं की प्लॅन कॉपी-पेस्ट आहे हे उघड होतं.

प्रश्न: ताई, मी समाजशास्त्रात पीएचडी करतोय. पुण्यातल्या वस्त्यांमध्ये राहून घरकाम करणाऱ्या बायकांच्या मुलाखती घेतो. आमचे गाइड युरोपातल्या एका विद्यापीठाबरोबर होरायझन युरोपसाठी (युरोपियन युनियनच्या संशोधन निधीसाठी) अर्ज करतायत आणि त्यात ओपन सायन्सवर आख्खं पान लिहायचंय. या मुलाखती आम्ही उघड्यावर टाकूच शकत नाही. आमचे मार्क जातील का?

उत्तर: डेटा बंद ठेवला म्हणून मार्क जात नाहीत रे, का बंद ठेवला ते नीट सांगितलं नाही म्हणून जातात. होरायझन युरोपचं स्वतःचंच सूत्र आहे की जमेल तितकं खुलं आणि गरजेपुरतं बंद. ओपन सायन्सचा भाग तिथे एक्सलन्स या निकषाखाली येतो, म्हणजे त्याला मार्क आहेतच, पण एखादी पद्धत तुमच्या कामाला लागू होत नसेल तर तसं कारणासकट लिहायची मुभा फॉर्मच देतो. सविस्तर डेटा मॅनेजमेंट प्लॅन अर्जासोबत लागत नाही, तो साधारण सहाव्या महिन्यात द्यायचा असतो, अर्जात फक्त पानभर गोषवारा. तेव्हा घाबरून जाऊन आत्ताच वीस पानं लिहायला बसू नका.

पण मला तुझ्या पत्रातली दुसरीच गोष्ट खटकली. तू लिहिलंयस ‘टाकूच शकत नाही’. हे कुणी ठरवलं? त्या बायकांनी, एथिक्स कमिटीने, की तुम्ही? अनेकदा असं होतं की संमतीपत्रकात आपणच लिहून टाकतो, ‘ही माहिती फक्त आमच्या टीमला दिसेल आणि प्रोजेक्ट संपल्यावर नष्ट केली जाईल’, कारण ते वाक्य जुन्या फॉर्ममधून आलेलं असतं, आणि मग पुढे कुणाला काही द्यायची इच्छा झाली तरी हात बांधलेले. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये पुढच्या वापरासाठीच्या संमतीचा विचार आहे, ती बायोमेडिकल कामासाठी आहेत हे खरं, पण तुमच्या एथिक्स कमिटीसमोर ठेवायला उपयोगी. बाईंना तीन वेगवेगळे प्रश्न विचार. मुलाखत घेऊ का, नाव काढून दुसऱ्या अभ्यासकांना वाचायला देऊ का, आवाज ठेवू का. पहिल्याला हो आणि तिसऱ्याला नाही असं उत्तर आलं तर तसंच लिहून ठेव. आणि मराठीत विचार, म्हणजे खऱ्या मराठीत, ‘अनामिकीकृत प्रतिलेखाचा दुय्यम वापर’ वगैरे नको, त्या बाई सही करतील पण त्यांना काय कळणार आहे त्यातून?

नाव काढलं की काम झालं असंही समजू नकोस. ‘बावन्न वर्षांची, नवरा पीएमटीत कंडक्टर होता, थोरली मुलगी नर्स, तीन कामं कोथरूडला आणि एक प्रभात रोडला’ एवढं वाचून गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल कोण ते. आणि प्रभात रोडच्या मॅडमनाही कळेल की आपल्याबद्दल कोण काय बोललं, मग त्या बाईंचं काम जाईल, नुकसान हे असं होतं. वयाचे गट करायचे, रस्त्याऐवजी शहराचा भाग, नवऱ्याचा धंदा गरज नसेल तर गाळायचा, आणि काय काय बदललं त्याची यादी वेगळी कुलपात. कधी कधी इतकं गाळावं लागतं की मुलाखतीत राम उरत नाही, तेव्हा ती मुलाखत बंदच ठेवलेली बरी, आणि हेच कारण अर्जात द्यायचं.

कायद्याचंही एक वाक्य हवं. २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आहे, त्यात संशोधनाला सवलत आहे पण अटींवर, एक मुख्य अट म्हणजे त्या माहितीच्या आधारे त्याच व्यक्तीबद्दल कुठला निर्णय घ्यायचा नाही. सवलत आहे म्हणून सगळं माफ असं लिहू नका. तिकडच्या पार्टनरला जीडीपीआर (युरोपचा डेटा संरक्षण कायदा) लागू, त्यामुळे ऑडिओ कुणाच्या सर्व्हरवर बसणार हे दोन्ही संस्थांमध्ये लेखी ठरलेलं असू दे, व्हॉट्सअ‍ॅपवर नाही.

मग खुलं काय करायचं? बरंच काही. प्रश्नावली, संमतीपत्रकाचा नमुना, कोडबुक (उत्तरांचं वर्गीकरण कसं केलं त्याची यादी), कुठल्या वस्त्या का निवडल्या त्याची टिपणं, प्रीप्रिंट (पेपरचा जर्नलमध्ये येण्याआधीचा मसुदा). मुलाखतींचं नुसतं वर्णन डीओआयसकट रिपॉझिटरीत ठेवता येतं आणि फाइली विनंतीवरच, झेनोडोत ती सोय आहे. इथे ‘विनंतीवर’ चालतं कारण विनंती कुणाकडे जाणार, कोण ठरवणार, किती दिवसांत, हे तुम्ही लिहिलेलं असतं. भारतीय समाजशास्त्राच्या डेटासाठी आयसीएसएसआर डेटा सर्व्हिसही आहे, त्यांच्याशी बोलून बघा. आणि युनेस्कोच्या २०२१ च्या शिफारशीत ओपन सायन्सचा एक भाग समाजाला सोबत घेण्याचा आहे, तेव्हा निष्कर्ष त्या बायकांपुढे वस्तीतच, मराठीत मांडणार असाल तर तेही त्या पानात येतं. लोक हे लिहायचं विसरतात आणि हेच सगळ्यात पटणारं असतं.

प्रश्न: ओपन अ‍ॅक्सेससाठी जर्नल दोन-अडीच लाख मागतं. प्रोजेक्टच्या कंटिन्जन्सीत (किरकोळ खर्चाच्या रकमेत) एवढे पैसे नसतात. मग प्रपोजलमध्ये ‘सगळे पेपर ओपन’ असं लिहायचं कशाच्या जोरावर?

उत्तर: रिपॉझिटरीच्या जोरावर. डीबीटी-डीएसटीचं २०१४ चं धोरण कुणालाही पैसे भरून ओपन करा असं सांगत नाही. जर्नलने स्वीकारलेली तुमची अंतिम प्रत, म्हणजे त्यांच्या सजावटीआधीची, संस्थेच्या किंवा मंत्रालयाच्या रिपॉझिटरीत टाकायची, विज्ञानात जास्तीत जास्त सहा महिने आणि सामाजिक शास्त्रांत बारा महिने थांबायची सवलत. खर्च शून्य. पुण्यातल्या अनेकांना हे अजून माहीत नसतं आणि ते उगाच कर्ज काढल्यासारखे चेहरे करून फिरतात. भौतिकशास्त्र आणि खगोलवाले तर १९९१ पासून अर्काइव्ह (arXiv) या फुकट ऑनलाइन भांडारात पेपर टाकतायत, आयुकात जाऊन विचारा. फक्त सही करण्याआधी जर्नलची अट वाचा, कारण काही जण जास्त काळ थांबायला लावतात. फी न घेणारी ओपन जर्नल्सही आहेत, डीओएजे या ओपन जर्नल्सच्या ऑनलाइन यादीत तसा फिल्टर लावता येतो.

कुणी म्हणेल की आता वन नेशन वन सबस्क्रिप्शन (देशातल्या संस्थांसाठी जर्नल्सची एकत्र वर्गणी भरायची सरकारी योजना) आलंय. आलंय, २०२५ ते २०२७ साठी ६,००० कोटी, तेरा हजारांच्या आसपास जर्नल्स. पण ती मुख्यतः आपली वाचायची सोय. तुमचा पेपर नैरोबीतल्या विद्यार्थ्याला उघडेल की नाही याचा तिच्याशी संबंध नाही. आणि स्वस्तात ओपन करून देतो म्हणून ईमेल पाठवणाऱ्या जर्नल्सपासून लांब राहा, यूजीसीची विश्वासार्ह जर्नल्सची केअर यादीही २०२५ मध्ये बंद झाली, आता पारख तुमची तुम्हालाच करायचीय.

प्रश्न: मी केमिस्ट्रीत आहे. गाइड म्हणतात डेटा खुला केला की पेटंट गेलं, म्हणून प्लॅनमध्ये ‘नॉट अ‍ॅप्लिकेबल’ लिही. बरोबर आहे का?

उत्तर: गाइडची भीती खरी, उत्तर चुकीचं. भारतात पेटंटचा अर्ज करण्याआधी गोष्ट प्रसिद्ध झाली तर नावीन्य जातं, कायद्यात थोडे अपवाद आहेत पण त्यांच्या भरवशावर राहू नका. म्हणून क्रम लिहा. आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज, त्यानंतर पूर्ण अर्जासाठी बारा महिने मिळतात, आणि डेटा त्याच्याही नंतर. शिवाय पेटंटशी संबंध नसलेले स्पेक्ट्रा, फसलेल्या रिअ‍ॅक्शन, त्या तर खुल्या करता येतात ना? फसलेल्या जास्तच, पुढच्या मुलाचे सहा महिने वाचतील. ‘नॉट अ‍ॅप्लिकेबल’ मात्र कधीच लिहू नको.

प्रश्न: मी निवृत्त बँक कर्मचारी. पाषाण तलाव आणि वेताळ टेकडीवरच्या पक्ष्यांच्या नोंदी कित्येक वर्षं वह्यांमध्ये ठेवल्या आहेत. एका संस्थेतले तरुण शास्त्रज्ञ म्हणतात, आमच्या प्रपोजलमध्ये सिटिझन सायन्स (सामान्य लोकांचा विज्ञानातला सहभाग) म्हणून दाखवतो, वह्या द्या. द्याव्यात का?

उत्तर: काका, वह्या देऊ नका, स्कॅन द्या. वह्या तुमच्या घरातच राहू देत आणि स्कॅनिंगचा खर्च त्यांच्या बजेटमध्ये घालायला सांगा. त्यांनी तुमचा वापर प्रपोजल सजवायला करू नये म्हणून दोन गोष्टी लेखी घ्या. डेटासेटचे लेखक म्हणून तुमचं नाव, आभारात नाही, लेखकांत. आणि लायसन्स कुठलं ते. जीबीआयएफ या जीवसृष्टीच्या नोंदींच्या जागतिक खुल्या भांडारात सीसी झिरो, सीसी बाय (नाव देऊन कुणीही वापरा) आणि बिगर-व्यावसायिक असे तीन पर्याय चालतात, सीसी झिरो म्हणजे हक्क सोडले आणि ते परत घेता येत नाहीत, हे समजून मग सही करा.

तुमच्या वह्यांची किंमत फार आहे, विशेषतः जर तुम्ही ‘आज गेलो, दोन तास बसलो, काही विशेष नाही’ अशाही नोंदी केल्या असतील. पक्षी कमी झाले की बघणारे कमी झाले हे त्यावरूनच कळतं. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवाल तुमच्यासारख्या हौशी लोकांनी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर भरलेल्या याद्यांवरच उभा आहे, आणि ई-बर्डवर जुन्या तारखांच्या याद्याही भरता येतात, संस्थेशिवाय, घरबसल्या, एखादी नात हाताशी असेल तर. फक्त घुबडाच्या ढोलीची किंवा दुर्मीळ घरट्याची नेमकी जागा खुल्या डेटात जाऊ देऊ नका. हे त्या तरुणांनाही सांगा, आणि त्यांच्या प्लॅनमध्ये ते वाक्य आहे का ते बघूनच स्कॅन द्या.

प्रश्न: चॅटबॉटकडून डेटा मॅनेजमेंट प्लॅन लिहून घेतला तर चालेल का? आणि एकदा लिहिलेला प्लॅन बदलता येतो का?

उत्तर: दुसऱ्याचं आधी, बदलता येतो आणि बदलायलाच हवा, तारीख आणि व्हर्जन टाकून, फंडिंग एजन्सीला कळवून. पहिल्याचं, भाषा नीट करायला घ्या की, पण आधी एजन्सीचा नियम बघा, काही एजन्सींकडे ते जाहीर करावं लागतं. अडचण अशी की त्याला तुमच्या फ्रीझरबद्दल काही माहीत नसतं, त्यामुळे तो सगळ्यांना एकच प्लॅन देतो आणि मधूनच अस्तित्वात नसलेल्या रिपॉझिटरीचं नाव ठोकून देतो. डीएमपीटूल किंवा डीएमपीऑनलाइन ही प्लॅन लिहायची ऑनलाइन साधनं घ्या, फुकट आहेत, त्यात एजन्सीनुसार प्रश्न येतात आणि उत्तरं तुम्हालाच द्यावी लागतात. अमेरिकेच्या एनआयएचला (वैद्यकीय संशोधनाला पैसे देणाऱ्या सरकारी संस्थेला) २०२३ पासून असा प्लॅन लागतो आणि त्यांचा सल्ला दोन पानांच्या आत ठेवण्याचा आहे, तेवढीच लांबी इथेही पुष्कळ झाली.